थोरल्याचं स्पॅनिश

पितळी नळांच्या त्या कारखान्यातल्या थोरल्याला जगातल्या बऱ्याच गोष्टी शिकून घ्याव्या लागल्या, पण रुसणं मात्र उपजत येत होतं. पाळण्यात असतानाच त्याने दुधाच्या बाटलीकडे पाठ फिरवली होती म्हणतात. पुढे शाळेकडे फिरवली, मग हिशोबाकडे, आणि शेवटी सख्ख्या धाकट्या भावाकडे. आता पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ काचेच्या केबिनमध्ये बसून अंगठीने नळ वाजवून बघायचा. टण्ण करून वाजला की मान हलवायचा, जणू पेशंट वाचला. नळाला यातलं काही कळत नसे, आणि खरं सांगायचं तर थोरल्यालाही नाही.

भावाशी अबोला धरण्याचं कारण एक हंस होता. झालं असं, की एकदा थोरल्याला कलेचा झटका आला. आपल्या बापाच्या कारखान्यात सगळे नळ सरळसोट, बोथट. त्यात सौंदर्य म्हणून नाही, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने हंसाच्या मानेसारखा वाकडा नळ काढला. साचा केला, ओतकाम झालं, पॉलिश झालं, खोकी भरून माल गेला. आणि तसाच खोकी भरून परत आला, कारण मान जिथे वळत होती तिथे नळाची भिंत कागदासारखी पातळ झाली होती आणि प्रत्येक हंस मानेतून ठिबकत होता. त्या दिवशी सगळं घर एकत्र जेवायला बसलं होतं. धाकट्याने पाण्याचा पेला उचलला, पेल्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हंसाला सर्दी झालीय."

ताटावर बसलेली सगळी मंडळी हसली. थोरला उठला, हात धुतला आणि त्यानंतर सात वर्षं धाकट्याशी बोलला नाही. कारखान्यातले कामगार मात्र हंसाला विसरले नाहीत. थोरला खात्यात शिरला की भट्टीजवळचा एक जण हळूच शिंकायचा. दुसरा म्हणायचा, "काळजी घे रे बाबा, हवा खराब आहे."

अबोला म्हणजे काय, व्यवहार तर चालूच होता. दोघांच्या केबिन शेजारी-शेजारी, मधली भिंत अर्धी लाकडाची, अर्धी काचेची. मध्ये लेथवर मिस्त्री.

"मिस्त्री, त्यांना सांगा, नळाचे आटे खोल पडताहेत."

"मिस्त्री, त्यांना सांगा, आटे बरोबर आहेत, चष्मा चुकीचा आहे."

मिस्त्री बिचारा तिथल्या तिथे वळून एकाचं दुसऱ्याला सांगायचा, आणि दोघांनाही ते आधीच ऐकू आलेलं असायचं. घरी हेच काम दोघांच्या बायका करायच्या. फरक इतकाच, की मिस्त्रीला त्याचा पगार मिळायचा.

अशात परदेशातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने नळांची मागणी नोंदवली. त्याची अट अशी, की कारखान्यातल्या जाणत्या माणसाने सहा महिने तिकडे येऊन राहावं, त्यांच्या माणसांना जोडणी शिकवावी, तक्रारी ऐकाव्यात. भाषा मात्र स्पॅनिश. तिकडच्या गोदामात इंग्रजी कुणाला येत नाही, आणि यायची कुणाला इच्छाही नाही.

ही बातमी ऐकली आणि थोरल्याने हातातला नळ खाली ठेवला. सहा महिने! अशा गावात, जिथे कुणी हंस पाहिलेला नाही. जिथे खात्यात शिरलं तर कुणी शिंकणार नाही, आणि शिंकलंच तर त्याला खरोखर सर्दी झालेली असेल. जिथे काचेपलीकडे ते तोंड दिसणार नाही. त्याने तिथल्या तिथे ठरवलं, की जायचं तर आपणच. अडचण एवढीच, की काचेपलीकडच्या तोंडानेही तेच ठरवलं होतं.

निवाडा म्हाताऱ्याकडे गेला. त्यांचे वडील ऐंशीला आले तरी कारखान्याच्या किल्ल्या कंबरेला लावून झोपायचे. म्हातारा म्हणाला, "मला दोघंही सारखेच. म्हणजे दोघंही सारखेच बिनकामाचे. ज्याला भाषा येईल तो जाईल. शिका."

म्हणून दोघे बाईंकडे जाऊ लागले. बाईंचं सगळं आयुष्य एका जहाज कंपनीच्या कचेरीत स्पॅनिश पत्रं वाचण्यात आणि त्यांना उत्तरं लिहिण्यात गेलं होतं. आता निवृत्त होऊन घराच्या पुढच्या खोलीत शिकवण्या घ्यायच्या. खोलीत एक फळा, एक पंखा आणि समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्या. बाईंच्या जिभेला मात्र निवृत्ती मिळाली नव्हती.

"माझ्याकडे दोन नियम आहेत," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "एक, जे शिकलात ते माझ्याकडे बघून म्हणायचं नाही. समोरच्या माणसाशी बोलायचं. भिंतीशी बोलून कुणाला भाषा आलेली नाही."

थोरल्याने समोर बघितलं. समोर धाकटा. दोघांनी आपापली नजर पंख्याकडे वळवली.

"दुसरा, मी वर्तमानकाळापासून सुरू करत नाही. तो लबाड आहे, पायरीपायरीला वेश बदलतो. मी सुरुवात करते ती 'करायचो, खायचो, राहायचो' या भूतकाळापासून. जे नेहमी घडायचं, जे चाललेलं होतं, त्याचा हा काळ. अगदी सज्जन. दोनच चाली. क्रियापद 'आर'ने संपत असेल तर एक चाल, 'एर' किंवा 'ईर'ने संपत असेल तर दुसरी. न जुमानणारी क्रियापदं अख्ख्या भाषेत तीन: असणं, जाणं आणि पाहणं. त्यांना जावई समजा. जावयांना नियम लावायचे नसतात."

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं. बोलणं म्हणजे आब्लार. शेपटी कापायची, नवी लावायची: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. मी बोलायचो, तू बोलायचास, तो बोलायचा, आम्ही, तुम्ही, ते. खाणं म्हणजे कोमेर: कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. राहण्याचंही खाण्यासारखंच.

थोरल्याने हात वर केला. "बाई, चूक झालीय. 'मी'ला पण आब्लाबा आणि 'तो'ला पण आब्लाबा."

"चूक नाही. या काळात 'मी' आणि 'तो' यांचं रूप एकच."

"मी आणि तो?" थोरल्याने अंगठा समोरच्या खुर्चीकडे केला. "एकच? हे मला मान्य नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, "कळवते मी स्पॅनिश लोकांना."

थोरल्याने लहानपणी पाढे जसे पाठ केले होते तसंच स्पॅनिश पाठ करायला घेतलं. आंघोळ करताना आब्लाबा-आब्लाबास, दाढी करताना कोमीआ-कोमीआस. बायको बाहेरून विचारायची, "अहो, बरं वाटतंय ना?" पाठ झालं, पण पाढ्याचा जो रोग तो यालाही जडला. सात साते किती म्हटलं की ज्याला सात एके सातपासून चढत यावं लागतं, त्या जातीचा हा विद्यार्थी. बाईंनी सांगितलं, "'आम्ही राहायचो' म्हणा," की थोरला डोळे मिटायचा, ओठांतल्या ओठांत 'मी'पासून निघायचा, 'तू'वर दम खायचा, 'तो'वर घाम पुसायचा, आणि 'आम्ही'पर्यंत पोचला की असा चेहरा करायचा की आता कुणीतरी हार घालावा.

"या इमारतीला लिफ्ट नाही वाटतं," धाकटा पंख्याला म्हणाला.

धाकटा काही मोठा हुशार नव्हता. त्याला शेपट्या पटकन लावता यायच्या, पण वाक्य करायला सांगितलं की पाटी कोरी. त्याचं सगळं स्पॅनिश दोन-दोन शब्दांचं. एक बोलायचा आणि थांबायचा, मग दुसरं बोलायचा आणि विजयी मुद्रेने बसायचा. थोरला गोगलगाय आणि धाकटा बेडूक. दोघांनाही वाटायचं की आपण घोडा आहोत.

बाईंच्या नियमाप्रमाणे दोघांना एकमेकांशी बोलावं लागे. ते असं चाले:

"मी भाजी खायचो," थोरला स्पॅनिशमध्ये खिडकीला सांगायचा.

"मी फळं खायचो," धाकटा दाराला सांगायचा.

"खिडकी आणि दार फार प्रगती करताहेत," बाई म्हणायच्या. "तुमचं काय?"

शेवटी म्हाताऱ्याने परीक्षेचा दिवस ठरवला. तो स्वतः येऊन बसणार होता. बाईंनी विचारलं, "पण तुम्हाला स्पॅनिश येतं का?"

म्हातारा हसला. "बाई, आयुष्यभर मी नळ पारखले. नळ पारखायला पाणी यावं लागतं का कुणाला? सोडून बघायचा. थांबत-थांबत, गुळण्या करत आलं तर आत हवा आहे. एकसंध धार आली की माल चोख. भाषेचं काय वेगळं असणार?"

कारखान्यातला प्रत्येक माणूस याच पद्धतीने तयार झाला होता, त्यामुळे थोरल्याला यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याला धडकी भरली. गुळण्या म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पायऱ्या चढताना बापाने पाहिलं तर तिथेच निकाल. त्याने रोज आरशासमोर एकच पक्कं भाषण घोटलं: लहानपणी मी काय-काय करायचो. त्यात खेळायचो होतं, अभ्यास करायचो होतं, आणि आईला मदत करायचो होतं. यातलं शेवटचं त्याने का घातलं देव जाणे. आईला त्याने एकदाच मदत केली होती, आणि त्यात बरणी फुटली होती.

परीक्षेच्या दिवशी म्हातारा किल्ल्या वाजवत आला, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटून कान पुढे केला. बाई म्हणाल्या, "विषय, तुमचं लहानपण. आधी थोरले. समोर बघून."

थोरल्याने घसा खाकरला. "दे निन्यो... यो..." लहानपणी, मी... आणि झालं. घोटलेलं सगळं पार पुसलं गेलं. खेळणं म्हणजे हुगार, इतकं आठवलं, आणि पाय आपोआप पायरीवर पडला: हुगाबा, हुगाबास... म्हाताऱ्याची एक भुवई वर गेली. थोरल्याने ती पाहिली आणि कसाबसा 'मी'वर परत उतरला. "यो हुगाबा... कोन मी... एर्मानो." मी माझ्या भावाबरोबर खेळायचो.

खरं तर हे वाक्य त्याने पाठ केलेलंच नव्हतं. घाईत जे जवळ सापडलं ते दिलं. पण धाकट्याची नजर पंख्यावरून खाली आली आणि सात वर्षांत पहिल्यांदा भावावर थांबली.

"तू नो हुगाबास," तो म्हणाला. "तू मान्दाबास."

स्पॅनिशमध्ये 'तू'ला तूच म्हणतात, हे भांडणाऱ्यांच्या फार सोयीचं आहे. तू खेळायचा नाहीस, तू हुकूम सोडायचास, असं तो म्हणाला होता. थोरल्याने बोट रोखलं.

"तू योराबास!" रडायचास तू!

"तू पेगाबास!" मारायचास तू!

"तू एस्कोन्दीआस मिस कोसास!" माझ्या वस्तू लपवायचास!

"तू रोम्पीआस मिस कोसास!" माझ्या तर फोडायचास!

बाईंनी थांबवायला वर केलेला हात खाली घेतला. एवढ्या महिन्यांत थोरला पायऱ्या चढल्याशिवाय एकाही शेपटीपर्यंत पोचला नव्हता, आणि धाकट्याला वाक्य जमलं नव्हतं. आता दोघे वरच्या मजल्यावर थेट प्रकट होत होते. थोरल्याला आपण 'तू'वर कसे पोचतोय हे कळतही नव्हतं. 'मी' वाटेत लागतच नव्हता. भांडणात तो लागत नाही.

"तू मेन्तीआस आ पापा!" धाकटा ओरडला. बाबांशी खोटं बोलायचास तू!

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "पापा म्हणजे मीच की! माझं चाललंय!" तो बाईंच्या कानाशी म्हणाला.

"तुमचंच," बाई म्हणाल्या.

मग धाकट्याने ते काढलं. शब्दकोशातून स्वतः शोधून, कुणाला न सांगता, केव्हापासून कोण जाणे जपून ठेवलेलं: "एल सिस्ने गोतेआबा."

ठिबकणं बाईंनी शिकवलं नव्हतं. पण सिस्ने म्हणजे हंस हे थोरल्याला माहीत होतं. स्पॅनिशमध्ये हंसाला काय म्हणतात ते त्याने पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवलं होतं, म्हणजे तिकडे गेल्यावर तो शब्द टाळता येईल. हंस ठिबकत होता. तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"तोदोस रेईआन!" सगळे हसत होते! "इ तू रेईआस मास!" आणि तू सगळ्यांत जास्त!

"यो नो रेईआ!" मी हसत नव्हतो!

"रेईआस!"

"नो! पापा रेईआ! पापा!" हसत होते ते बाबा!

थोरला थबकला. त्याला ते ताट आठवलं, पेला आठवला, आणि हसणाऱ्यांच्या त्या गलबल्यात सगळ्यांत आधी फुटलेला तो घोगरा, किल्ल्यांसकट हलणारा आवाज आठवला. दोघांनी एकाच वेळी कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यात म्हातारा, स्वतःचं नाव दोनदा ऐकून, डोळ्यांतलं पाणी पुसत बसला होता.

"वा!" तो म्हणाला. "काय धार लागली! एक थेंब हवा नाही. आणि बापाची आठवण काढतात पोरं. सात वर्षं घरात तोंडं शिवून बसले होते, मी म्हटलं गंजले. गंजले कसले! बाई, चुका किती?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "रूपं सगळी बरोबर."

"दोघांची?"

"दोघांची."

म्हातारा उठला. "मग एक कसा पाठवू? दोघे जा. एका खोलीत राहा, म्हणजे भाषा आणखी सुधारेल. मी आजच व्यापाऱ्याला कळवतो."

किल्ल्यांचा आवाज जिना उतरून गेला. धाकटाही मागोमाग गेला. थोरला खुर्ची उचलायचं निमित्त करून मागे राहिला.

"बाई, तुम्ही बाबांना सांगा. आम्ही बोलत नव्हतो, भांडत होतो."

"मी क्रियापदं तपासते. मनं तपासायला मला कुणी सांगितलेलं नाही."

"पण सत्यानाश होईल ना! त्याच्याबरोबर सहा महिने?"

"मग तुम्हीच सांगा. मराठीत सांगायचंय, ते तर तुम्हाला येतं."

मराठीत सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागलं असतं, याचा थोरल्याने उभ्या-उभ्या विचार केला. कोण कुणाला मारायचा, ते. बापाला कुणी कुणी थापा मारल्या, ते. आणि हंसावर आधी कोण हसलं, तेही, ऐंशी वर्षांच्या माणसाला, त्याच्या तोंडावर, तो आनंदाने डोळे पुसत असताना. त्यापेक्षा सहा महिने परवडले. थोरल्याला शौर्य कधीच परवडलं नव्हतं.

घरी बायकोने बातमी ऐकली आणि पदर तोंडाला लावला. तोंड रडवेलं दिसावं म्हणून लावला होता, पण खांदे वेगळंच सांगत होते. "अहो, बरं झालं हो. तुम्हाला तिकडे बोलायला कुणीतरी घरचं माणूस."

"तुला हसू येतंय?"

"मला? नाही बाई. जाऊबाईंना येतंय. मघापासून त्या माजघरात बसूनच आहेत, उठता येईना त्यांना."

बेत पुढे सरकला. व्यापाऱ्याच्या कचेरीतून खोलीचा फोटो आला. छोटीशी खोली. एक खाट खिडकीपाशी, एक मोरीच्या दाराला चिकटून. खाली लिहिलेलं, कुणाला कुठली हवी ते कळवावं, म्हणजे चादरी तशा घालता येतील. माणूस म्हणून जगण्यातली सगळी प्रतिष्ठा आता एका खाटेवर येऊन ठेपली होती.

थोरला केबिनमधून उठला. मिस्त्रीने त्याच्याकडे बघून कान टवकारले आणि वळायची तयारी केली, पण थोरला लेथला वळसा घालून पुढे गेला. धाकट्याच्या दारात उभा राहिला. फोटो टेबलावर ठेवला.

"खिडकीपाशी मी," तो म्हणाला.

धाकट्याने फोटो बघितला, थोरल्याकडे बघितलं, आणि छाती भरून घेतली. "तू सिएम्प्रे..." तू नेहमीच...

"थांब," थोरला म्हणाला. "काय ते मराठीत बोल. स्पॅनिशमध्ये फार मनाला लागतं."

धाकटा मराठीत बोलला. त्याला बराच वेळ लागला, आणि सुरुवात पाळण्यापासून झाली. स्पॅनिशपेक्षा ते कितीतरी जास्त लागलं. पण थोरल्याने खिडकी काही सोडली नाही.